पांढरा टाका

मथामायच्या गळ्यात लाल दोरीत ओवलेली बोटभर लांबीची कातर असायची. साडीवर मशीनचं भरतकाम झालं की मागच्या बाजूला धागे लोंबत राहतात. ते कापायचं काम बमरोलीत घरोघरी बायका करतात. सकाळी टेम्पो गठ्ठे टाकून जातो, संध्याकाळी उचलून नेतो. त्या बायकांच्या हातांना काय म्हणायचं हे सुरतेच्या कापडबाजारात कुणालाच माहीत नाही, कारण त्यांचं काम चांगलं झालं की ते दिसतच नाही.

मथामाय त्यांच्यातली सगळ्यात सावकाश. शेजारणी हसायच्या. "मथामाय, साडी शे का पोथी शे? वाचत बसस!" ती चष्म्यातून वर बघायची. चष्म्याची एक दांडी मोडलेली होती, तिथं दोरा. "वाचाले उनं तर पोथीच शे," असं काहीतरी बोलायची आणि पुन्हा खाली मान.

आमची घरं एका ओळीत होती, खाडीच्या काठाला लागून. तिचं शेवटचं. त्याच्या पलीकडे बेशरमाची झुडपं आणि नाळीच्या भाजीच्या वेलांचं रान, मग खाडीचं पाणी, ज्याचा रंग त्या दिवशी गिरणीत कुठला रंग चालू आहे त्यावर ठरायचा. माझे वडील लूम चालवायचे आणि सुट्टीच्या दिवशी युनियनची पत्रकं वाटायचे. मी अक्षरओळख पत्रकांवर केली. "बंधूंनो" हा शब्द मला "आई"च्या आधी वाचता आला असेल. त्यामुळे मला जग दोनच भागांत दिसायचं, आमच्या बाजूचं आणि त्यांच्या बाजूचं. मथामाय कुठल्या बाजूची, हे मला शेवटपर्यंत नीट ठरवता आलं नाही.

त्या सकाळी मी ओट्यावर तिच्याशेजारी चहा पीत होते. तिच्या मांडीवर मोरपंखी साडी उलटी पसरली होती. पदराच्या कडेला मातकट रंगाचा एक धागा आडवा चिकटला होता. तिनं कातर पुढे केली, पाती उघडली आणि हात तसाच थांबला.

"हाऊ धागा चालस व!"

मी वाकून पाहिलं. तो खरंच चालत होता. मधे काडीसारखं बारीक अंग, दोन्ही बाजूंना सरळ ताणलेले काडीसारखेच पंख, आणि अंगाच्या मानाने फार लांब, काटेरी पाय. सगळं मिळून नखभर. मला तो इंग्रजी टी या अक्षरासारखा वाटला. मथामायला तो मशीननं नको तिथं मारलेल्या टाक्यासारखा वाटला, आणि तेच त्याचं नाव पडलं: टाका. पुढे मी शहरातल्या एका जाणकारांना फोटो पाठवला. त्यांनी लिहिलं की हा पिसांच्या पंखांचा एक पतंग आहे, उष्ण प्रदेशात अशा बारीक पतंगांच्या एकमेकांसारख्या दिसणाऱ्या पुष्कळ जाती असतात आणि नुसत्या फोटोवरून जात सांगता येणार नाही. हे शेवटचं वाक्य मी वाचलं आणि विसरले. मला ते सोयीचं नव्हतं.

मथामायनं मात्र त्या दिवसापासून टाक्याचा अभ्यास सुरू केला. अभ्यास हा माझा शब्द. ती म्हणायची, "देखी ऱ्हायनी." बघते आहे, एवढंच. खोल्यांच्या मागच्या भिंतीवर एक ट्यूबलाइट रात्रभर जळायची. सकाळी पाणी यायच्या आधी ती त्या भिंतीशी नाक लावून उभी राहायची. ट्यूबकडे आलेले टाके उजाडेपर्यंत तिथंच चिकटून बसलेले असत.

एकदा पहाटेच्या उजेडात तिला एक टाका पंख उघडलेला दिसला. ती धावत माझ्याकडे आली. "पोरी, त्याना पंख फाटेल शेत!" आम्ही दोघी पाहायला गेलो. पुढचा पंख टोकाशी चिरून दोन झालेला, मागचा तर मुळापासूनच चिरलेला, तीन पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीला दोन्ही बाजूंनी झालर. जणू पिसं. मी लगेच म्हणाले, "खाडीच्या पाण्यानं! हे विष पाखरांचे पंखसुद्धा फाडतं." माझ्या डोक्यात मथळा तयार होता.

पुढचे आठ-दहा दिवस तिनं जितके टाके उघड्या पंखांचे दिसले तितके पाहिले. मग साडी खाली ठेवून मला म्हणाली, "एक फाटेल ऱ्हायना तर डिफेक. समदा फाटेल ऱ्हायनात तर डिझाइन." टाक्याचं रूप तसंच होतं. त्याला कुणी फाडलं नव्हतं.

मी चिडले. विष नाही का मग पाण्यात? "शे ना," ती म्हणाली. "पन हाई त्यानं नै."

अशी ती होती. तिच्यासमोर "सगळे", "कायम", "कधीच" हे शब्द वापरायची सोय नव्हती. कुणी म्हणालं की खाडीतली सगळी मासळी मेली, की तिचा प्रश्न यायचा, "तू समदी देखी का?" गल्लीतली पोरं तिला पंचनामा म्हणायची. तिच्या तोंडावर म्हणायची आणि ती ओ द्यायची.

एकदा तिच्या हातून चुकून एका साडीला कातर लागली. छोटंसं भोक, काठाच्या आत. गठ्ठा बांधला असता तर ते कुणाच्या हातचं हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. तिनं भोकाशेजारी लाल दोरा बांधला आणि चिठ्ठी टाचली: मथाबाई कडून कापलं. टेम्पोवाल्यानं कपाळावर हात मारला. "मासी, कोणे पूछ्युं तमने?" कुणी विचारलं होतं तुला? मथामाय म्हणाली, "ना पूछे तो बीजी नुं नाम आवे ने." विचारलं नाही तर दुसरीचं नाव येईल ना. घरात अहिराणी, टेम्पोवाल्याशी गुजराती, साहेबाशी हिंदी, तिन्ही भाषांत ती इतकीच अडाणी आणि इतकीच सरळ होती.

ती चौथीपर्यंत शिकलेली. लिहायचा तिला कंटाळा. म्हणून टाका कुठं कुठं आढळतो, याची नोंद तिनं कापडावर केली. छपाईला न गेलेल्या पांढऱ्या कापडाचा एक तुकडा होता, उशीच्या अभ्र्याएवढा. त्यावर निळ्या दोऱ्यानं खाडी घातली. काळ्या दोऱ्यानं भुसावळकडे जाणारी रेल्वेलाइन. लाल चौकोन म्हणजे आमची ओळ. आणि जिथं टाका दिसला तिथं मातकट दोऱ्याचा एक टाका. वर्षभरात लाल चौकोनाभोवती आणि निळ्या रेघेच्या काठानं मातकट टाक्यांची दाटी झाली. बेशरमाच्या रानाशी तर कापडच दिसेना. नाळीच्या कोवळ्या पानांत तिला त्याच्या बारीक केसाळ अळ्याही सापडल्या होत्या, त्याच असाव्यात असं ती म्हणायची. "असाव्यात" हा शब्द ती सोडायची नाही.

मग नोटीस आली. खाडीलगतचा पट्टा मोकळा करायचा होता. भिंत होणार, फिरायची वाट होणार, दिवे लागणार. आमची ओळ त्या पट्ट्यात होती. आमचं घर भाड्याचं, आम्ही डिंडोलीत खोली बघू शकत होतो. मथामायचं तसं नव्हतं. तिच्या नवऱ्यानं एकेक वीट आणून ते उभं केलं होतं आणि तो त्याच घरात वारला होता. हातात कागद म्हणून काहीच नव्हतं.

आम्ही काही पोरापोरींनी ठरवलं की लढायचं. लोकांच्या घरांबद्दल पत्रकं काढून झाली होती, त्यांचा उपयोग होत नाही हे आम्हाला ठाऊक होतं. माणसं हटवता येतात. पण दुर्मीळ जीव असला तर साहेबलोक दोन मिनिटं थांबतात, असं आम्ही ऐकलं होतं. मी मथामायच्या कापडाचा फोटो काढला. फोटोत सगळे टाके आमच्याच पट्ट्यात, बाकी कापड कोरं. मी पत्रक लिहिलं. वर ठळक अक्षरांत: पतंग वाचवा! खाली: जगात फक्त इथेच!

तेच पत्रक मी गुजरातीतही केलं. पतंग हा शब्द तसाच ठेवला. उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंग उडवायचा सण, महिन्यावर आलेली. नाक्यावर वाटायला उभी राहिले तर दोरा-मांजा विकणारे एक काका पत्रक हातात घेऊन अंगावर धावून आले.

"पतंग बचाओ एटले? उत्तराण बंद कराववी छे तमारे?"

"नाही काका, तो पतंग नाही! उडवायचा नाही... म्हणजे उडतो, पण स्वतः उडतो!"

भोवती गर्दी. मी दोन बोटं फडफडवून दाखवली. कुणीतरी ओरडलं, "अरे, फुदुं!" गुजरातीत दिव्यावरच्या पाखराला हेच म्हणतात, पतंग म्हणजे नुसता उडवायचा.

"तो फुदुं लखो ने, बेन!" काका म्हणाले. "आखी जिंदगी सुरतमां काढी ने आटलुं नथी आवडतुं?" मग हसून त्यांनी पत्रक खिशात घातलं. आम्ही शंभरेक कागदांवर पेनानं पतंग खोडून फुदुं लिहिलं. मथामायला हे सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की कातर गळ्यात नाचायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हसत नव्हती. मराठी पत्रक घेऊन आली. बोट एका शब्दावर.

"हाई 'फक्त' कोनी लिखं?"

"मी."

"तू डिंडोलीले जाईसन देखी उनी का? कडोदराले?"

"तुझ्याच कापडावर आहे की! तिथं एकही टाका नाही."

"तठे टाका नै, कारन मना पाय तठे पडेल नै." मग तिनं ते कापड माझ्या मांडीवर पसरलं, माझं बोट धरलं आणि लाल चौकोनापासून थोडं लांब, कोऱ्या कापडावर फिरवलं. बोटाला काहीतरी लागलं. बारीक उंचवटे. पांढऱ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याचे टाके. डोळ्याला दिसत नव्हते, फोटोत तर दिसणारच नव्हते. "हाई पांढरा. जाईसन देखं, दखायना नै. आनि जठे काहीच नै लागस, तठे मी जायेलच नै." मग तिनं ते वाक्य म्हटलं, जे ती अनेकदा म्हणायची आणि मी कधी कान देऊन ऐकलं नव्हतं: "दखायना नै म्हंजे नै शे, असं नै."

डिंडोलीच्या जागी माझं बोट गुळगुळीत कापडावरून घसरलं.

नोटिशीवरची सुनावणी आठवड्यावर होती. मथामायनं तीन दिवस टेम्पोवाल्याकडून गठ्ठे घेतले नाहीत. सकाळच्या पहिल्या रिक्षेनं डिंडोलीला जायची, गटारांच्या कडेनं, सोसायट्यांच्या मागच्या भिंती बघत फिरायची. पहिले दोन दिवस काही नाही. मला मनातून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. तिसऱ्या दिवशी ती परत आली, ओट्यावर बसली आणि न बोलता सुईत मातकट दोरा ओवू लागली.

"कुठं?" मी विचारलं.

"लाइनना पलीकडे. नाळीना वेल शेत तठे. भितडावर चार व्हतात."

"तोच कशावरून? सारख्या दिसणाऱ्या पुष्कळ जाती असतात, जाणकार म्हणाले होते." ते वाक्य मला आता आठवलं.

"डोळाले तर तोच शे. तेवढंच सांगसू."

सांगसू. सांगेन. मी तिच्या पाया पडायची बाकी राहिले. म्हटलं, माय, खोटं बोल असं मी म्हणत नाही. नुसती गप्प बस. कापड माझ्याकडे दे, बोलायचं ते मी बोलते. गप्प बसणं म्हणजे खोटं नाही. तुझं घर जाईल.

तिनं टाका घातला, गाठ मारली. मग म्हणाली, "त्या साडीना भोकवर मी दोरा बांधा नसता, तर ते खोटं नव्हतं का?"

मी पाय आपटत निघून गेले. वडिलांना सगळं सांगितलं. मला वाटलं ते माझी बाजू घेतील. ते म्हणाले, "पत्रकात एक वाक्य खोटं निघालं, की समोरचा बाकीची नऊ वाचत नाही." माझ्या चुकीवर हे बोट होतं, पण मला ते त्या वेळी मथामायच्या हट्टाचं समर्थन वाटलं. त्यांच्याशीही मी दोन दिवस बोलले नाही.

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये झाली. साहेब सभ्य होते. आमचं पत्रक त्यांच्या समोर होतं, फुदुं लिहिलेलं. मी बोलले, जोरात बोलले, टाळ्याही पडल्या. मग त्यांनी कापडाबद्दल विचारलं आणि मथामाय उठली. डोक्यावर पदर, गळ्यात कातर. साहेबांनी कापड हातात घेऊन निरखलं. त्यांना ते खरोखरच आवडलं असावं.

"माजी, ये सिर्फ यहीं मिलता है?"

हॉलमध्ये आमच्या ओळीतली सगळी माणसं होती. पंख्याचा आवाज येत होता. कडोदऱ्याहून आलेला तिचा मुलगा पहिल्या रांगेत होता, त्यानं मान खाली घातली. त्याला आईचा स्वभाव माहीत होता.

"नहीं साहब. डिंडोली में भी है. मेरी आँख को तो वही दिखा."

मागून कुणीतरी "हाय रे" म्हणालं. कुणीतरी शिवी दिली. साहेबांनी पेन उचललं आणि लिहून घेतलं. मथामाय बसली नाही.

"और लिखो साहब," ती म्हणाली. "वो सब जगह रह सकता है. मेरा घर फक्त यहीं है."

फक्त. माझाच शब्द, तिनं जिथं खरा होता तिथं नेऊन ठेवला. मराठीत, गुजरातीत आणि आमच्या सुरतच्या हिंदीत तो सारखाच कळतो. साहेबांनाही कळला. त्यांनी मान हलवली, अगदी सहानुभूतीनं. पण पेन टेबलावर ठेवलेलं होतं. त्यांनी पहिलं वाक्य लिहून घेतलं. दुसरं घेतलं नाही.

घरं उन्हाळ्यात पाडली. ओळीतल्या काही माणसांनी मथामायशी बोलणं सोडलं. मीही फारशी बोलले नाही. तिनं तोंड उघडलं नसतं तर घरं वाचली असती का, हे मला माहीत नाही. वाचली असती, असं मी खूप दिवस छातीठोकपणे सांगत असे. आता सांगत नाही. आता मला दुसरंच टोचतं. माणसाचं घर पाडू नये, एवढं सांगायला आम्हाला एका पाखराची दुर्मिळता का उसनी घ्यावी लागली? आणि ती उसनी घेताना मी तिच्या वर्षभराच्या कामातली अर्धी नोंद, पांढरी अर्धी, न वाचताच पत्रक छापलं.

ती मुलाकडे कडोदऱ्याला गेली. तिसऱ्या मजल्यावरची खोली, खाली लूम, दिवसभर खडखडाट. पावसाळ्यानंतर तिचा निरोप आला. भांडण नाही, काही नाही. नुसतं एक काम: पोरीला सांगा, जुन्या जागी टाका शे का देख.

खाडीला आता भिंत होती. बेशरम, नाळी सगळं खणून काढलेलं, वर फरशी, ओळीनं दिवे. मी डिंडोलीतल्या आमच्या नव्या खोलीवरून सकाळच्या रिक्षेनं जायची आणि दिव्यांचे खांब, भिंत, बाकडी बघत हिंडायची. फिरायला आलेली माणसं माझ्याकडे बघायची. तीन सकाळी पाहून मी कडोदऱ्याला सांगायला गेले.

"कितला दिन देखं?" तिनं विचारलं.

"तीन."

"तीन दिनमा माले डिंडोलीलेबी मुश्किलवर दखायना व्हता. अजून देख."

मी पाहिलं. थंडीभर पाहिलं, उन्हाळा लागेपर्यंत. पाहता पाहता मला भिंतीवरचा प्रत्येक कण ओळखू यायला लागला. धागे दिसले, कोळ्याची जाळी दिसली, दुसरे पतंग दिसले. तो नाही.

शेवटची तिच्याकडे गेले तेव्हा तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. साड्या यायच्या बंद झाल्या होत्या, कातर गळ्यात होतीच. तिनं पेटीतून कापड काढलं. त्याला आता एक थिगळ जोडलेलं होतं: नंदुरबारकडे, आमच्या मूळ मुलखात, भाचीच्या लग्नाला गेली तेव्हा तिथल्या भिंतीवरही तिला टाका दिसला होता, आणि कापड पुरलं नव्हतं. मी म्हटलं, बघ माय, आपण जिथून आलो तिथूनच तोही आला. मला ते फार सुंदर वाटलं. ती म्हणाली, "आपन गाडीमा बसीसन उनूत. तो कसा उना, माले काय म्हाईत?"

मग माझ्यासमोर सुई धरली. "पांढरा दोरा ओव."

मी ओवला आणि सुई तिच्याकडे दिली. तिनं घेतली नाही. "जो देखस त्यानीच टाका घालाना."

मी लाल चौकोनाशेजारी, बेशरमाच्या रानाच्या जागी सुई घातली. तिथं कोरं कापड उरलंच नव्हतं. मातकट टाक्यांच्या दाटीवरच पांढरा दोरा ओढावा लागला, आणि तो दिसला. पांढरा टाका मला पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसला. मथामायनं बोट फिरवून तपासलं. घट्ट आहे म्हणाली.

त्यानंतर ती दोन महिन्यांनी गेली. मला उशिरा कळलं. पण त्या दिवशी निघताना मी जिना उतरून रस्त्यावर आले आणि वर पाहिलं. ती गॅलरीत होती. माझ्याकडे पाठ, तोंड भिंतीला लागलेलं, हातात उघडी कातर, आणि हात मध्येच थांबलेला. भिंतीवर काहीतरी होतं. वाळत घातलेल्या कपड्याचा धागा होता की टाका, ते खालून मला दिसलं नाही.

दिसलं नाही, एवढंच लिहिते.